पुन्हा वाचायची ओळ

५ मे
तौनो बुडाल्यावर आज पहिल्यांदा कामावर. तौनोच्या खुर्चीवर कुणाचा तरी कोट होता. मला बघून उचलला.

सगळे एकच विचारतात — "तुझा नवरा इतका जाणता. एप्रिलच्या पातळ बर्फावर मासे धरायला नदीच्या मुखाशी कसा गेला गं?" मी म्हणते, इथला बर्फ त्याला पाठ होता.

त्याने लिहिलेला ड्रायव्हर, म्हणजे नेटवर्क कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, आता माझ्याकडे. ग्राहकांची नेटवर्क कार्डं मध्येच मुकी होतायत. हिल्का वरिष्ठ आहे, स्पष्ट बोलली — "सिर्का, या आठवड्यात दोष सापडला नाही तर तौनोचा कोड टाकून द्यावा लागेल." त्याचं एवढंच तर मागे राहिलंय!

६ मे
चाचणीत कार्ड मुकं झालं. पडद्यावर ओळ — इंटरप्ट आला, कुणीच दखल घेतली नाही.

नेहमीचाच संदेश. कितीदा पाहिलाय. आज उठून तोंड धुऊन आले.

७ मे
सापडलं!

माहिती आली की कार्ड इंटरप्ट देतं, म्हणजे घंटा वाजवतं. ड्रायव्हरने काम उचलायचं आणि कार्डाला लिहायचं — घंटा बंद. पण लिहिलेलं वाटेत रेंगाळतं. म्हणून लगेच कार्डाकडून एकदा वाचून घ्यायचं. आधीचं पोचल्याशिवाय वाचलेलं परत येत नाही. ती वाचायची ओळच गायब आहे! मग घंटा वाजतच राहते, ड्रायव्हर धावतो, काम काहीच नसतं. फार वेळा असं झालं की यंत्र ती घंटाच तोडून टाकतं, आणि कार्ड मुकं.

तौनो नव्या माणसांना दटावायचा — "सांगितलंस ना? मग पोचलं का बघ!" घरीही तेच. दुकानात निघाले की — "काय आणायचंय? म्हणून दाखव!"

ओळ काढणाऱ्याचं नाव कोडच्या बदलांच्या नोंदीत तौनोचंच. शक्यच नाही! त्याच्या यंत्रावर शेजारच्या टेबलावरचा रैमोही बसायचा.

८ मे
चारचौघांत भांडले. मी!

"रैमो, तूच काढलीस."

"आधी कॉफी घे. रिकाम्या पोटी माणूस मारू नये."

"थट्टा नकोय!"

त्याने आपलाच कप माझ्यापुढे सरकवला. मग — "बरं. मीच समज."

ओळ परत घातली. कार्ड दिवसभर बोलतंय. हिल्का म्हणाली, कोड राहील.

९ मे
रैमो घरी आला, धुरावलेला मासा घेऊन. मी दारातच विचारलं, का काढलीस?

"मी नाही गं. त्यानेच. मार्चमध्ये, माझ्यासमोर. मी म्हटलं, अरे, ही तुझी लाडकी ओळ! तर म्हणाला, कशाला लिहिली होती, आठवत नाही. आणि हसला. मला वाटलं, चेष्टा करतोय."

हिवाळ्यापासून तौनोचं 'म्हणून दाखव' म्हणणं बंद झालं होतं. मला वाटायचं, मवाळ झालाय.

इथला बर्फ त्याला पाठ होता.

होता.