चिखलाचा दगड

गिरीज, ता. वसई
११ नोव्हेंबर १९८६

ती. दादास,
प्रेमलताचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही म्हणून रुसायला या वेळी सवड नाही. काल सकाळी पोलीस शेजारच्या आलोशियसला घेऊन गेले. ड्यूटीवर निघाला होता, अंगात कंडक्टरचा खाकी शर्ट. त्याची लिडिया हातातलं पीठ न धुताच फाटकापर्यंत धावली. मी शाळेत निघाले होते, समोरच घडलं.

कारण ऐक. तुम्ही वाडीत घेतलेल्या फिल्ममधला फोटो मागच्या महिन्यात पेपरात आला ना, दगड उगारलेला आलोशियस आणि समोर टँकर? तो टँकरमालकाने कापून पोलिसांना नेऊन दिला. मे महिन्यातल्या केसमध्ये इतके दिवस ‘अज्ञात इसम’ होता. आता त्याला चेहरा मिळाला. टँकरच्या क्लीनरनेही फोटो बघून मान हलवली म्हणे.

दादा, दगड आईने मारला होता. हे तुला माहीत, मला माहीत, वाडीतल्या सगळ्या बायकांना माहीत. टँकरवाल्यांनी रात्रंदिवस पंप लावून पाणी उपसलं, आमच्या विहिरी खाऱ्या केल्या, पानवेल करपली, आणि त्या दिवशी टँकर थांबेना तेव्हा तिने कुंपणातला दगड उचलला. काच फुटली आणि चंदनसारच्या पांडुरंगचा, त्या ड्रायव्हरचा, डावा डोळा गेला. आलोशियस तर तेव्हा हात पसरून लोकांना मागे रेटत होता.

मग पंधरवड्याने तुम्ही आलात. तुमच्या डायरेक्टर साहेबांना तो सगळा प्रसंग कॅमेऱ्यापुढे पुन्हा करून हवा होता. तू गावच्या नाटकासारख्या भूमिका वाटल्यास. नाताळच्या नाटकात टाळ्या घेणारा आलोशियस, म्हणून दगड त्याच्या हाती. आई म्हणाली होती, मारला मी, तर मीच मारते. साहेब हसले. म्हातारीने दगड मारला हे कोणाला पटायचं नाही म्हणाले, आणि तिला मागच्या रांगेत उभं केलं.

तेव्हा आता तू ये, आणि ते नाटक होतं हे सांग. दाढी मात्र करून ये, नाहीतर पोलीस तुलाही आत टाकतील.

आईची तब्येत बरी आहे, पण जेवण कमी झालंय. आपली माया आहेच, ती या दिवसांत जरा जास्त असू दे.

तुझी,
प्रेमलता


मुंबई
१७ नोव्हेंबर १९८६

चि. प्रेमलतास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. आलोशियस माझ्या बाकावरचा. त्याच्यासाठी दादरचे एक चांगले वकील गाठलेत, जामीन होईल. त्यांची फी मी बघतो, लिडियाला काही बोलू नकोस.

साहेबांशी बोललो. त्यांनी एक अक्षर ऐकून घेतलं नाही. फिल्म परदेशच्या महोत्सवात निवडली गेलीय, ‘घडताना टिपलेला संघर्ष’ म्हणून. आता ते नाटक होतं म्हणायचं, तर फिल्म गेली आणि तुमच्या पाण्याचा प्रश्नही गेला, असं त्यांचं म्हणणं. अन्याय खरा आहे ना, मग दगड कोणाच्या हातात होता याने काय फरक पडतो, असं मलाच विचारलं. मी असिस्टंट माणूस, मी काय बोलणार?

आता दुसरी गोष्ट, ती पत्र फाडून टाकण्याआधी नीट वाच. त्या प्रसंगाचे गाळलेले रिटेक माझ्याकडे आहेत, दोन डब्यांत, खाटेखाली. त्यात शॉट सुरू होताना पाटी आपटणारा पोरगा दिसतो, आणि दगड म्हणून केलेला चिखलाचा गोळा काचेवर फुटलेला दिसतो. भाड्याच्या टँकरची काच फुटू नये म्हणून आपणच तो वळला होता, आठवतं? हे कोर्टात दाखवलं तर आलोशियस सुटेल. पण मग पोलीस विचारतील, खरा दगड कोणाचा? आईचं वय बघ. मला ते डबे उघडायचं धाडस होत नाही.

केस टिकणार नाही असं वकील म्हणतात. तोवर तोंडाला कुलूप. आईलाही सांग. घरच्यांना जप, स्वतःलाही.

तुझा,
भालचंद्र


गिरीज
४ जानेवारी १९८७

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र फाडलं नाही. रागाच्या भरात दोनदा हातात घेतलं आणि परत ठेवलं.

आलोशियस जामिनावर घरी आहे, पण निलंबित. दिवसभर ओट्यावर बसून समोरच्या केळींकडे बघतो. पोलिसांना त्याने ते नाटक होतं एवढंच सांगितलं. ते हसले, म्हणाले, कॅमेऱ्यात दिसतंय आणि नाटक कसलं? खरं नाव त्याने अजून घेतलेलं नाही. लिडिया आमच्या अंगणातून जाते, पण मान वर करत नाही. यंदा नाताळला तिच्याकडून पहिल्यांदाच ताट आलं नाही. आईने संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, मग दार लोटलं.

तू मला कुलूप लावायला सांगितलंस. आईला कुलूप लावणारा अजून जन्माला यायचाय. परवा ती मला न सांगता पोलीस ठाण्यात गेली. दगड मी मारला, त्याला सोडा म्हणाली. फौजदाराने तिला खुर्ची दिली, चहा दिला, फोटो पुढे ठेवला. आजी, शेजारच्या पोरावर तुमचा जीव आहे हे कळतं, पण असं खोटं बोलू नये, असं समजावलं. वर रिक्षात बसवून दिली. घरी आली ती रागातच. तुरुंगाला ती भ्यायली नाही, पण खोटी ठरली हे तिला सोसत नाही.

काल ती चंदनसारला गेली. मीही गेले, एकटीला कशी सोडू? पांडुरंग खोलीच्या दारात बसला होता. टँकर सुटला, आता कुठे ओझी उचलतो. आईने त्याच्यासमोर उभं राहून सांगितलं. तो चिडला नाही, तेच वाईट. म्हणाला, गाववाल्यांनी म्हातारीला पुढे केलंय. त्या दिवशी त्याला काच सोडून काही दिसलं नव्हतं, पण फोटो पाहिल्यापासून डोळा मिटला की आलोशियसचंच तोंड येतं. आई बोलत राहिली. त्याने तिला पाणी दिलं आणि जा म्हणाला.

आता समजलं? तुझे डबे खाटेखाली आहेत तोवर आईचं खरं बोलणं खोटं आहे. तू तिला वाचवतोयस असं तुला वाटतं. मलाही आधी तसंच वाटत होतं, खोटं कशाला सांगू, मलाही भीती वाटते. पण आलोशियसची तारीख एकोणीसला, सोमवारी आहे, आणि वकील म्हणतात की पुरावा आता आला तरच उपयोग.

यापुढे आईच सांगणार आहे. मी फक्त लिहिणार. माया कमी करू नकोस.

प्रेमलता


गिरीज
५ जानेवारी १९८७

चि. भालचंद्रास,
आईचे अनेक आशीर्वाद.

मी सांगते ते प्रेमलता लिहिते. माझी बोली ती शाळेतली करते, करू दे, पण शब्द गाळायचा नाही असं तिला बजावलंय.

माझी काळजी करतोस ते कळलं. बाबा, मी दगड मारला तो आपल्या पाण्यासाठी. त्याची लाज मला नाही. डोळा फोडायचा नव्हता, पण फुटला. त्याची लाज आहे, आणि ती माझी आहे. ती तू आलोशियसच्या डोक्यावर का ठेवतोस? त्याच्या घरात चूल कशी पेटते ते मी शेजारून बघते. मला मुलगा आहे म्हणून मी घरात, आणि लिडियाच्या नवऱ्याच्या गळ्यात फास. असला मुलगा मला मिरवता येत नाही.

तुमच्या साहेबांना म्हणावं, मला मागे उभं केलंत तेव्हा मी गप्प बसले, पाहुणे होतात. आता बसणार नाही.

ते डबे घेऊन ये. त्या पांडुरंगलाही कोर्टात बोलवायला वकिलाला सांग. कोणी डोळा फोडला ते त्याला नीट कळलं पाहिजे. मग मला काय व्हायची ती शिक्षा होऊ दे. तुरुंगात पानी गोडं असेल.

येताना गरम कपडे आण, वाडीत थंडी आहे. जेवत जा.

तुझी आई


मुंबई
१२ जानेवारी १९८७

ती. गं. भा. आईस,
भालचंद्रचा शि. सा. न.

तुझं पत्र आलं आणि मला कोणाच्या तोंडाकडे बघवेना. काल रविवार, एडिटिंगच्या खोलीत कोणी नव्हतं. डबे घेऊन गेलो आणि तुकडे यंत्रावर लावले. पाटी दिसते का, चिखल फुटतो का, तेवढंच बघायचं होतं. ते सगळं दिसतं. गोळा काचेवर पसरतो, पोरं हसतात, साहेबांचा हात मध्ये येतो, आलोशियस शर्टावरचा चिखल पुसतो. कोणीही बघितलं तर नाटकच म्हणेल.

पण आई, त्यात तूही आहेस. फिल्ममध्ये आलोशियसला जवळून घेतलंय, म्हणून तू दिसत नाहीस. या तुकड्यांत मागची रांग दिसते. आलोशियस हात उगारतो, गोळा सुटतो, सगळे टँकरकडे बघतात. आणि तू दर वेळी डाव्या हाताने स्वतःचा डावा डोळा झाकून घेतेस. प्रत्येक रिटेकमध्ये. समोर चिखल आहे हे तुला माहीत होतं, तरीही.

साहेब तेव्हा ओरडले होते, ती म्हातारी शॉट बिघडवते. म्हणून हे तुकडे मीच कात्रीने कापून काढले. मुलगा असून मला तेव्हा फक्त बिघडलेला शॉट दिसला. मी यंत्र बंद केलं आणि तिथेच रडलो.

साहेबांना सकाळी सांगून टाकलं. उद्यापासून येऊ नको म्हणाले, बरं म्हटलं. वकिलांशी बोललोय, प्रोजेक्टर मी घेऊन येतो, पांडुरंगलाही बोलावतील. आलोशियसला एवढंच सांग की भाल्या येतोय.

सोमवारी कोर्टात खिडक्या लावून अंधार करतील, तेव्हा तू पांडुरंगच्या शेजारी बस. मी एकही तुकडा गाळणार नाही. तुझ्या मायेला आजवर गृहीत धरलं, आता ती मागायला येतो आहे.

तुझा,
भालचंद्र