बंद गाडीचा भाव

३ जून
भंगारवाला येऊन गेला. बॉनेटवर टिचक्या मारत होता, कलिंगड निवडतोय जसं! म्हणे, "चालू असती तर गोष्ट वेगळी, आजी. बंद गाडी म्हणजे नुसतं लोखंड. वजनावर घेतो." आजी! तुझी आजी असेल घरी!

ह्यांनी मान डोलावली. भाजीवाल्याशी तास तास हुज्जत घालणारा माणूस, पण गाडीचा भाव मुकाट्याने ऐकून घेतला. जेवताना म्हणाले, "तिचं नि माझं एकदमच सरलं गं."

गाडी बंद पडलेली नाही. मी पाडली आहे.

४ जून
लिहूनच टाकते. गेल्या महिन्यात कोपऱ्यावर शाळेतली एक मुलगी गाडीखाली येता येता वाचली. ती किंचाळली, मी किंचाळले — आणि हे म्हणाले, "पोरं बघून चालत नाहीत!" यापुढे चालवू नका म्हटलं, तर घर डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी मी इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाचा फ्यूज काढला आणि शिवणाच्या डब्यात टाकला. नखाएवढा. तो कुठे असतो तेही ह्यांनीच हौसेने दाखवलेलं.

वर मेकॅनिकला फोन करते म्हटलं, केला नाही. "येतो म्हणाला, अजून आला नाही" असं सांगते. खोटं बोलू नये म्हणून कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी तळहातावर पट्ट्या ओढल्या. वाया गेल्या!

५ जून
रोज सकाळी किल्ली फिरवतात. घरघर, घरघर, शांत. मग गाडीवर हात ठेवून नुसते उभे. मी स्वयंपाकघरात भांडी आपटते, तो आवाज ऐकू येऊ नये म्हणून.

७ जून
वरच्या मजल्यावरची नर्स भेटली. "काका, रात्रपाळीला मला गाडी हवीच आहे. चालू असती तर चांगले पैसे दिले असते."

"तिच्यात आता जीव नाही, बाळ. तुला फसवू का?"

फसवू का! आणि मी शेजारी उभी, पदराशी चाळा करत.

काय करू? गाडी सुरू करून द्यावी, तर हे उद्याच रस्त्यावर — आणि पुन्हा कुणाची तरी पोर. न द्यावी, तर गाडी कवडीमोलाने जाणार आणि ह्यांची मान कायमची खाली. भंगारवाला उद्या टेम्पो आणतोय.

८ जून
सकाळी फ्यूज बसवला आणि सांगून टाकलं. सगळं, मेकॅनिकचंसुद्धा. आरडाओरडा होईल म्हणून झणझणीत उत्तरं तयार ठेवली होती. एकही लागलं नाही. हे गाडीत बसले. एका झटक्यात सुरू झाली. कितीतरी वेळ ऐकत बसले. "म्हणजे गाडी ठणठणीत आहे." बस्स, एवढंच.

टेम्पो परत पाठवला. दिवसभर किल्ली ह्यांच्या खिशात.

९ जून
नर्सला ह्यांनीच बोलावलं. चालू गाडीचा चांगला भाव सांगितला. ती घासाघीस करायला गाडीभोवती फिरली. "काका, पोचे सगळे डाव्या अंगालाच कसे हो?"

मी काहीतरी ठोकून देणार, तेवढ्यात हे म्हणाले, "त्याचे पैसे कमी कर. मला डाव्या डोळ्याने दिसत नाही. वर्ष झालं." आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली.

वर्षभर मी त्याच बाजूला बसत होते.