झोत किती सेकंद टिकला

बाबा, गेल्या मंगळवारी दुपारी मी एक आकडा जगभर कळवला, आणि तासाभराने माझ्या लक्षात आलं की तो चुकला आहे. तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. मी काय काम करते हे तुम्हाला ठाऊक असण्याचं कारणच नाही, म्हणून आधी ते सांगते. फार दूर कुठेतरी एखादा प्रचंड तारा कोसळतो, किंवा दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळतात, तेव्हा गॅमा किरणांचा एक झोत सुटतो. डोळ्यांना तो दिसत नाही. उपग्रहावरचं यंत्र येणारे किरण मोजतं आणि ती नोंद आमच्याकडे येते. झोत किती वेळ टिकला, सर्वांत उजळ केव्हा होता, एकूण किती ऊर्जा घेऊन आला, हे त्या नोंदीवरून काढायचं माझं काम. सगळी मदार वेळेवर. दोन सेकंदांच्या आत आटोपला तर बहुधा ताऱ्यांची टक्कर, त्याहून लांबला तर बहुधा कोसळलेला तारा. टकरी क्वचितच हाती लागतात. तसं कळलं की मोठमोठ्या दुर्बिणी हातातलं काम टाकून तिकडे वळतात.

मी शिकवते त्या कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी होती. त्या दिवशीची पाळी माझी होती आणि आमच्या गटाने मला पहिल्यांदाच, कोणाला न विचारता माप कळवायची मुभा दिली होती. जरीपटक्याच्या घरात कूलरसमोर मानेवर ओला पंचा टाकून मी बसले होते. नोंद आली, अर्ध्या तासात मी मोजलं, पावणेदोन सेकंद आले, आणि आनंदाच्या भरात कळवून टाकले. मग चहा करून आले आणि सहज पुन्हा आलेख उघडला. किरण आकाशातून एरवीही येतच असतात, बाबा; त्यांना आम्ही पार्श्वभूमी म्हणतो. झोताच्या आधीची आणि तो विझल्यानंतरची पातळी बघून तेवढे वजा करावे लागतात. विझल्यानंतरचा म्हणून मी जो तुकडा धरला होता, त्यात झोत विझलाच नव्हता. फार मंद, पण चालू होता, आणि मी तोच वजा करून टाकला होता. तुकडा पुढे सरकवून मोजलं तर अकरा सेकंद. दुसऱ्या यंत्राची नोंद घेतली, तरी अकराच्या आसपासच. सर्वांत उजळ क्षण जवळपास तोच राहिला, एकूण ऊर्जा मात्र बरीच वाढली. घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती आणि चार वाजता परदेशातली एक मोठी दुर्बीण माझ्या आकड्याच्या भरवशावर वळणार होती.

मी पुण्याला आमच्या गटप्रमुख बाईंना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, उद्या सकाळी दोघी मिळून नीट तपासू, मग कळवू. हे दुसरं मापही घाईतलंच आहे. आणि पुढे म्हणाल्या, "तासाभरात आकडा बदलला तर पुढच्या वेळी तुझं कोण ऐकेल?" मला ते पटलं. खरं सांगते बाबा, त्या क्षणी मला ते अगदी पटलं. मी फोन ठेवला, लॅपटॉप मिटला, स्वयंपाकघरात जाऊन माठातलं पाणी प्यायले. पेला ओट्यावर ठेवला. आणि तिथे उभी असताना मला तुमचं ताट आठवलं.

तुम्ही तेव्हा मिलच्या टाइम ऑफिसात टाइम कीपर होता, कामगारांच्या वेळा नोंदवायचात. खापा गावचा एक विणकर हातमाग सोडून मिलमध्ये लागला होता, त्याची दोन बोटं मशीनमध्ये गेली. सुटीचा भोंगा व्हायला तेव्हा दहा मिनिटं होती. मॅनेजरने तुम्हाला सांगितलं, वेळ भोंग्यानंतरची टाका. म्हणजे तो कामावर नव्हता, उगाच मशीनशी खेळत होता, असं दिसावं. तुम्ही तशी टाकलीत. त्या संध्याकाळी तुम्ही जेवायला बसला आहात, आई वरण वाढते आहे, आणि तुम्ही भात नुसता कालवत आहात. मी विचारते, बरं नाही काय, आणि आई मला डोळ्यांनीच गप्प करते. तिसऱ्या दिवशी चौकशी झाली. तिथे तुम्ही उभं राहून सांगितलंत की ती वेळ खोटी आहे आणि ती लिहिणारा हात माझा आहे. आठवड्याभरात तुमची खुर्ची गेली आणि तुम्हाला गोदामात कापडाच्या गाठी उचलायला लावलं.

मी तेरा वर्षांची होते. माझे बाबा ऑफिसात बसतात, सगळी मिल त्यांच्या घड्याळावर चालते, असं मी वर्गात सांगत असे. तुम्ही पहिल्या दिवशी गोदामातून आलात, अंगाला, केसांना कापसाचे तंतू चिकटलेले, आणि मी दारातच विचारलं, "काहून सांगतलं बाबा? कोणाले मालूमच नव्हतं." तुम्ही चिडला नाहीत. चप्पल काढत होता, तसेच वाकलेले राहिलात. "त्याले मालूम होतं न," तुम्ही म्हणालात. "अन् मले." मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही.

मी लॅपटॉप पुन्हा उघडला तेव्हा साडेतीन होऊन गेले होते. दोन ओळी लिहायच्या, पण शब्दच सापडेनात. "चूक झाल्याचे आढळले" असं लिहिलं, खोडलं. पार्श्वभूमीचा तुकडा मी चुकीचा धरला, वेळ अकरा सेकंद, हा झोत टकरीचा नसावा, असं लिहून पाठवलं आणि मग बाईंना कळवलं.  त्या नुसतं "ठीक आहे" म्हणाल्या. दुर्बीण वळली नाही. संध्याकाळपर्यंत कोणाचंही उत्तर आलं नाही, आणि तेवढे तास मी घरभर नुसती फिरत होते. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या देशातल्या एका गटाने तोच मंद भाग मोजल्याचं कळवलं. ते माझ्या मापाशी जुळत होतं. तरी बाईंनी ठरवलंय की पुढच्या महिन्यापासून माझा आकडा बाहेर जाण्याआधी कोणीतरी तपासेल. मला ते लागलं. रागही आला, आणि अजून आहे.

हे सगळं तुमच्यामुळे केलं, असं लिहून मोकळं होता आलं असतं. पण हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, तेव्हा खरं तेच लिहिते. दहावीच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय विचारला होता. तुम्हाला गोदामात जाऊन दोन वर्षं होऊन गेली होती, तरी मी तिथे टाइम कीपर लिहिलं. तुम्ही हात धुऊन, पुसून, फॉर्म मांडीवर घेऊन सही केलीत, आणि तुमची सही होईपर्यंत त्या रकान्यावर मी तळहात दाबून धरला होता.