पुढची सीट

१८ नोव्हेंबर, संध्याकाळ

बेटावर पोचलो. खोली ठीक. पंखा खडखडतो, पण समुद्र त्याहून जास्त आवाज करतो, म्हणून चालेल.

उद्याचा दिवस निर्णायक. बायको महिनाभर एकच धोशा लावून बसलीय, लेकीकडे जाऊन राहायचंय म्हणून. किती दिवस, तर म्हणते बघू. शाळेत पालकांना मी आयुष्यभर हेच 'बघू' सांगत आलोय, त्याचा अर्थ मला कोणी शिकवू नये. पण तिकीट अजून काढलेलं नाही. आधी आपण दोघंच एक दिवस कुठेतरी फिरू, मग ठरवते म्हणाली. म्हणजे उद्याचा दिवस झकास गेला की विषय संपला.

आणि तो जाणारच. अख्ख्या शाळेचं वेळापत्रक मी एकटा लावतो, बेट काय चीज आहे! गाडी भाड्याने ठरवलीय. दीपगृह, धबधबा, गुहा, बाग, दोन किनारे आणि सूर्यास्त. प्रत्येकी एक तास, मधली सुट्टी वेगळी.

संकल्प : चिडायचं नाही. रस्ता कोणाला विचारायचा नाही, कारण गरज पडणार नाही. आणि आईचा विषय काढायचा नाही. आईला जाऊन आठ महिने झाले. मी त्यातून केव्हाच बाहेर आलोय. तेव्हा रडलोसुद्धा नव्हतो, सगळ्यांनी कौतुक केलं होतं. हीच अजून सावरलेली नसावी. सारखी माझ्याकडे बघत असते.

१९ नोव्हेंबर, सकाळी आठ

गाडी आली. पांढरी, आटोपशीर. मी पुढचं दार उघडून धरलं. डोकं आपटू नये म्हणून वरच्या चौकटीला हात लावला. जरा वेळ थांबलो, मग दार हलकेच लावलं. बघतो तर ही आधीच मागे जाऊन बसलेली. हॉटेलचा दारवान माझ्याकडे टकामका बघत होता. लोकांना सौजन्य बघायची सवय राहिलेली नाही.

हिला मागेच आवडतं. लग्न झाल्यापासून तिथेच बसते. आईला गाडी लागायची, म्हणून पुढची सीट आईची. हिने कधी चकार शब्द काढला नाही. याला म्हणतात समजूतदारपणा.

सकाळी नऊ

गाडी सुरू केल्यापासून टिंग टिंग. पुढच्या सीटचा पट्टा लावा म्हणते. सीट रिकामी. पाण्याची बाटलीसुद्धा ठेवलेली नाही. हिने मागून विचारलं, तिथे कोण बसलंय. मी म्हटलं, सेन्सर बिघडलाय. गाडीवाल्यांना फोन लावला. बाई म्हणाली, कोणी बसलं असेल तरच वाजतं. म्हटलं, म्हणजे मी खोटं बोलतोय? शेवटी रिकाम्या सीटला पट्टा लावून टाकला. आवाज बंद.

मग ही म्हणाली, एसी चालू आहे तर पुढची काच अर्धी खाली का? मी कधी केली, आठवत नाही. वाऱ्याने झाली असेल म्हटलं. ही म्हणाली, काच बटणावर चालते. बायकांना यंत्रातलं जरा कळायला लागलं की पंचाईत होते.

मात्र त्यानंतर हिने साडीचा पदर गळ्याभोवती घट्ट घेतला आणि पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत बसली.

साडेअकरा

कामाचा वेग अफाट. तीन स्थळं आटोपली.

दीपगृह खालून पाहिलं. पायऱ्या फार. ही चढते म्हणाली, मी म्हटलं, गुडघ्यांचं काय? ही म्हणाली, माझे गुडघे ठणठणीत आहेत. तेही खरंच. धबधब्याची पायवाट निसरडी, पडझड झाली तर कोण निस्तरणार? रद्द. गुहा कोंदट, जीव घाबरा होईल. रद्द. पण तिन्ही ठिकाणी पार्किंग सावलीत आणि बाथरूम जवळ. ते मी घरूनच शोधून ठेवलं होतं. कशासाठी शोधलं, असं हिने विचारलं. पूर्वतयारी म्हणजे काय हे या बाईला समजत नाही.

दुपार

एका हॉटेलात जेवलो. नंतर वेटरने तीन चहा आणले, एक बिनसाखरेचा. त्याला चांगलंच झापलं. (हे चिडणं नव्हे, मार्गदर्शन.) तो म्हणाला, साहेब, तुम्हीच सांगितलंत. हीसुद्धा म्हणाली, तुम्हीच सांगितलंत. घरभेदी म्हणतात ते हेच.

तिसरा कप हिने रिकाम्या खुर्चीसमोर सरकवला आणि निवू दिला. म्हणाली, आईंना असाच लागायचा. म्हणजे संकल्प हिने मोडला, मी नाही. त्या खुर्चीकडे मी बघितलं नाही. बघण्यासारखं काही नव्हतंच. साय धरलेला कप तेवढा होता.

चार वाजता

बागेच्या वाटेवर शेळी आडवी आली. करकचून ब्रेक मारला. शेळी वाचली. ब्रेक मारताना माझा एक हात आपोआप पुढच्या सीटसमोर आडवा गेला. आई पट्टा लावून घ्यायची नाही, त्यामुळे लागलेली सवय. चांगली सवय आहे.

ही मागे बेसावध होती. पुढच्या सीटवर कपाळ आपटलं. विशेष नाही, टेंगूळ आलंय. बर्फ मिळाला नाही, म्हणून पाण्याची गार बाटली लावली. ही म्हणाली, त्यांना सांभाळलंत ना, मग झालं. कोणाला, ते मी विचारलं नाही. मला एकदम थंडी वाजली. बेटावर, भर उन्हात! एसी बंद केला.

सहा वाजता

रस्ता चुकलेलो नाही. नारळाच्या बागांतून तोच पूल चौथ्यांदा लागला, एवढंच. हिने एका सायकलवाल्याला विचारलं. त्याने सांगितलं ते मला माहीतच होतं. किनारे आणि सूर्यास्त उद्यावर. उद्या परतायचंय, पण बघू.

पुलावर गाडी थांबवली तेव्हा ही उतरली, पुढचं दार उघडलं, रिकाम्या सीटचा पट्टा काढला आणि स्वतः तिथे बसली. मी गाडी सुरू केली. आतून मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मोहीम फत्ते!

सात, हॉटेलच्या पार्किंगमध्ये

ही वर गेली. मी गाडीतच आहे.

येताना अंधारून आलं होतं. शेजारी कोणीतरी बसलेलं बरं वाटलं. फार दिवसांनी बरं वाटलं. मी मोकळेपणाने बोलत सुटलो. शाळेतलं राजकारण, माझं ब्लडप्रेशर, रात्री झोप लागत नाही ते, बाहेरून घरी आल्यावर कोणाला हाक मारायची ते कळत नाही ते. शेवटी म्हटलं, तूच सांग तिला. लेकीकडे जाऊ नकोस म्हणावं. मी एकटा राहू शकत नाही. माझं ती ऐकायची नाही, पण तुझा शब्द मोडणार नाही. सांगशील ना, आई?

तोंडातून गेल्यावर कळलं.

ही समोर रस्त्याकडे बघत होती. कपाळावरचं टेंगूळ लाल झालं होतं. म्हणाली, बरं, सांगते तिला.

२० नोव्हेंबर, सकाळ

नाश्त्याला ही समोर बसली. म्हणाली, बोलले मी तिच्याशी. ऐकत नाही. तिने तिकीट काढलंय.

मी विचारलं, काय म्हणते? ही म्हणाली, तिचं म्हणणं, काल पहिल्यांदाच ते इतकं मनातलं बोलले, आणि तेही आई, तुमच्याशी बोलले.

मी बरं म्हटलं.

गाडी परत करायला एकटाच गेलो. गाडीवाल्यांच्या बाईने बाहेरून फेरी मारली, मग पुढचं दार उघडून सीट तपासली, म्हणाली काही राहिलं नाही ना? आणि मी रडायला लागलो. तिथेच, भर रस्त्यात, हुंदके देऊन. आठ महिन्यांचं. आईसाठी रडत होतो की हिच्यासाठी, खरंच सांगता येत नाही. दोन्ही एकदमच आलं.

बाई घाबरली. खुर्ची दिली, पाणी दिलं. मग बंपरवरचा एक ओरखडा दाखवून म्हणाली, यासाठी रडता होय, हा फार जुना आहे.