मोठ्या मासोळीचा डबा

॥ श्री ॥
ता. एटापल्ली
दि. १८ नोव्हेंबर २०२४

ती. गोकुळाबाईस,
धाकटा भाऊ प्रफुल याचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल, असे लिहिण्याची रीत आहे. पण मोठ्या बहिणीपासून लपवून काय करू? फोन करायला टेकडीवर चढावे लागते आणि तिथेही आवाज तुटतो. औषधाची गोष्ट अर्धी ऐकून भागत नाही, म्हणून हे पत्र कंडक्टर अतुलभाऊंच्या हाती देतो.

डॉक्टरीणबाईंनी आमच्या आयुषला आणि मायला, दोघांनाही दम लागतो म्हणून मशीनचे औषध लिहून दिले, हे तुला माहीत आहे. तू पाठवलेले नेब्युलायझर चांगले चालते. सकाळी मीच देतो. आधी हात धुतो. कुपीची मान मोडून औषध वाटीत ओततो, नळी पक्की बसवतो, आयुषला मांडीवर ताठ बसवतो. सुरुवातीला तो रडे म्हणून मी मास्क वीतभर दूर धरत होतो. तशाने औषध पोराला न मिळता घरावरच्या कवेलूंना मिळते, असे तू कळवलेस तेव्हापासून नाकातोंडावर नीट टेकवतो. माय मोठी असल्याने तिला तोंडात धरायची नळी आहे. वाट्याही दोघांच्या वेगळ्या. मायचे म्हणणे, हा थंडा धूर छातीले काय करन, धूरच पाह्यजे तर चूल काय कमी हाय.

दुपारी मी आणि साधना धानाच्या कापणीवर असतो, म्हणून दुपारचे औषध माय देते. तिला वाचता येत नाही. मी आयुषच्या डब्यावर लहान मासोळी काढली आणि मायच्या डब्यावर मोठी. साधना हसली, म्हणाली की मोठी मासोळी भोपळ्यासारखी दिसते. पण मायला बरोबर समजते. दोन्ही रिकाम्या कुप्या ती रोज खिडकीत ठेवते, मी संध्याकाळी पाहतो. तिची वाटी आणि नळी तर मी येईपर्यंत धुऊन वाळलेलीसुद्धा असते.

तरी सहा दिवसांपासून आयुषचे हात संध्याकाळी थरथरतात. छातीवर हात ठेवला तर काळीज धावत असते. आणि मायचा दम उलटा वाढला. तलावावरून घरी येईपर्यंत ती दोनदा बसते. मशीन बिघडली असेल का? पाना आहे, उघडून पाहू का?

भाऊजींना नमस्कार. माया आहेच, ती राजुऱ्याच्या कोळशाच्या धुळीखाली जाऊ देऊ नकोस.

तुझा,
प्रफुल


॥ श्री ॥
राजुरा
दि. १९ नोव्हेंबर २०२४

चि. प्रफुल यास अनेक आशीर्वाद.

पत्र काल रात्रीच मिळाले. हे उत्तर पहिल्या गाडीने पाठवते. मशीनला हात लावू नकोस. बाबांचा रेडिओ तू उघडला होतास, तो शेवटी भंगारवाल्याने नेला.

मशीन ठीक आहे. मी दवाखान्यात रोज वीसेक वाट्या धुते. या थंडीत वाटीचे कोपरे आणि नळीचे टोक इतक्या लवकर कोरडे होत नाहीत. तू लिहितोस ती वाळलेली नाही, ती ओलीच झालेली नाही. पण मोठी कुपी तर रिकामी होते. मग ते औषध कुठे जाते? मला वाटते, माय दोन्ही कुप्या आयुषच्याच वाटीत ओतते.

पत्र वाचताच त्याला घेऊन एटापल्लीला जा. डॉक्टरीणबाईंना सगळे सांग, थरथर सहा दिवसांची आहे हेही सांग. त्या सांगेपर्यंत त्याला मशीनचे औषध कोणीच देऊ नये. मायला रागावू नकोस. खालचे तिला वाचून दाखव.

माय, मरळ शिजली की मधले खांड तू आमच्या ताटात वाढायचीस आणि स्वतः रस्सा भाकरीवर घ्यायचीस. आम्ही मोठे झालो ते त्यावरच. पण औषध म्हणजे मासोळी नाही. ही मशीन पाण्यासारखे औषध इतके बारीक करते की ते थेट छातीच्या तळाला जाते. छाती जेवढी तेवढेच माप. तुझे माप त्या कोवळ्या छातीत गेले तर काळीज पळत सुटते. तुझा वाटा त्याला देऊन त्याचे भले होत नाही, आणि तू मात्र उपाशी राहतेस.

तब्येतीचे लगेच कळव. तोवर माझा जीव तिकडेच.

तुझी,
गोकुळाबाई


॥ श्री ॥
ता. एटापल्ली
दि. २६ नोव्हेंबर २०२४

ती. गोकुळाबाईस,
शि. सा. न. वि. वि.

पहिले हे की आयुष ठीक आहे. डॉक्टरीणबाईंनी तपासले, एक दिवस ठेवून घेतले. थरथर दुसऱ्या दिवशी थांबली. आता फक्त त्याचीच कुपी, त्यांनी सांगितल्या वेळेला.

तुझा तर्क खरा निघाला. मी विचारले तेव्हा मायने लपवले नाही. म्हणाली, मले बुढीले काऊन औषध पाह्यजे, पोरगं लवकर सुधरलं म्हंजे झालं. तुझे पत्र वाचून दाखवले. ती सुपातले तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, गोकुळी लहानपणापासूनच चोंबडी. पण आयुषचे हात मुठीत धरून बसली आणि त्या दिवशी जेवली नाही.

तरी स्वतःचे औषध घेईना. पोराला माझ्यामुळे त्रास झाला, आता मशीनला हात लावणार नाही, हा एकच हेका. डॉक्टरीणबाईंनी सांगितले, मी सांगितले, साधनाने पाय धरले. काही उपयोग नाही.

परवा मी आयुषला मास्क लावून बसलो होतो. माय समोर भिंतीला टेकून धापा टाकत होती. त्याने मास्क ओढून काढला आणि उठून तिच्या तोंडावर दाबला. ती म्हणे, तुह्यं हाय रे, तू घे. तो ऐकेना. मास्कातून धूर वाया चालला, मी ओरडायच्या बेतात होतो. माय एकदम घाबरून म्हणाली की आण माही नळी, आण लवकर, मी घेतो, पण याचं वाया जाऊन राह्यलं. त्याचे पूर्ण होईपर्यंत ती नळी हातात धरून बसली. मग तिची मोठी कुपी मी तिच्याच वाटीत ओतली आणि तो तिच्या मांडीवर बसून पाहत राहिला. आता रोज तसेच चालते. तिने नळी हातात घेतल्याशिवाय तो मास्क लावू देत नाही.

आज सकाळी मी जाळे ओलेच घडी करून ठेवले. मायने पाहिले आणि सुरू झाली. मी आळशी, माझा बाप बरा होता, जाळे सडले तर मीच पाण्यात उतरायचे, बायको आल्यापासून अक्कल गेली, सारे एका दमात. महिनाभर ती दोन शब्दांवर थांबायची. मी जाळे उचललेच नाही. मुद्दाम उभा राहून ऐकत राहिलो, अजून किती लांबते ते.

तुझा,
प्रफुल