बाबांचा वाढीव हप्ता

३ मार्च, मंगळवार

करसवलत म्हणजे काय ते आज कळलं. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी! मी समजत होते, आईबाबांच्या आरोग्य विम्याचा हजाराचा हप्ता भरला की माझा कर हजाराने कमी. छापखान्यातले आमचे हिशेबनीस पोट धरून हसले. "ताई, सरकार एवढं भोळं असतं तर मी इथे बसलो असतो का?"

हजार उत्पन्नातून वजा होतात. माझा कर शेकडा वीस, म्हणजे वाचतात दोनशे. रोखीने भरले तर तेही नाहीत.

दिवसभर लोकांच्या प्रुफांतल्या चुका काढते मी. स्वतःच्या डोक्यातली ही चूक वीस वर्षं तशीच.

५ मार्च, गुरुवार

पॉलिसीवाल्या बाई येऊन गेल्या. दोघांची एकत्र पॉलिसी घेतली तर हप्ता दोघांतल्या मोठ्याच्या वयावर धरतात. मोठे बाबा. ते तीस तारखेला सत्तर पूर्ण करतात आणि सत्तरीनंतर नवीन माणूस घेतच नाहीत! "तिसाच्या आत, ताई. मग मी पाया पडले तरी उपयोग नाही."

एखादा त्रास लिहिला की हप्ता शेकडा पंचवीसने वाढतो. लपवला तर? "लपवलेलं दवाखान्याचं बिल आलं की बाहेर पडतं. मग एक पैसा मिळत नाही."

आईबाबांच्या गाठीशी फारसं काही नाही. बाबांचं चित्रकला शिक्षकाचं निवृत्तिवेतन, आईची पडदे शिवण्याची कमाई. एक मोठं आजारपण आलं तर घर विकावं लागेल. हे मी त्यांच्यासमोर कधी बोललेले नाही.

८ मार्च, रविवार

दोघांचे फॉर्म घेऊन गेले. आई मशीनवरून उठलीच नाही. "तू वाच, मी सांगते." प्रत्येक प्रश्नाला 'नाही'. मध्येच म्हणाली, "विचारतात तरी किती! लग्न ठरवताना तुझ्या आजीने एवढं विचारलं नव्हतं." मी हसत हसत खुणा करत गेले.

बाबांनी स्वतः लिहिलं, टपोऱ्या अक्षरात. चौथा प्रश्न — जिना चढताना थांबावं लागतं का? बाबांनी लिहिलं, नाही.

"बाबा!"

"काय?"

"रोज दुसऱ्या मजल्यावर थांबता. खिडकीशी."

"समोरचं झाड बघतो."

"दहा दहा मिनिटं?"

आईने सुईत दोरा ओवता ओवता भर घातली, "ह्यांच्या झाडापायी माझी भाजी सुकते. मला मेलं उगाच पिशव्या घेऊन उभं राहावं लागतं."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग विचारलं, "होय लिहिलं तर काय करतात?"

"हप्ता वाढतो. आणि तपासणीला बोलावतात."

"बोलावतात?" त्यांनी 'नाही' खोडलं, 'होय' लिहिलं आणि शेजारी सही केली. एवढ्या लवकर ते कधी ऐकत नाहीत.

१० मार्च, मंगळवार

मन खातंय. खरं लिहावं म्हणून हट्ट केला, की माझंच खरं व्हावं म्हणून? चारचौघांत — म्हणजे आईसमोर — म्हाताऱ्या माणसाला दमलोय म्हणून कबूल करायला लावलं. वाढीव हप्ता मीच भरणार आहे, पण कमीपणा त्यांच्या वाट्याला.

शिवाय एक हलकट विचार — वाढीव हप्त्यावर सवलतही वाढीव. लगेच आकडेमोड केली. शी!

१६ मार्च, सोमवार

पत्र आलं. बाबांची तपासणी शुक्रवारी. बाबा फोनवर जवळजवळ खूश! "तुझी आईपण येईल. तिला कोरी साडी नेसायला सांगतो."

२० मार्च, शुक्रवार

दवाखान्यात तीन तास. बाबांना फिरत्या पट्ट्यावर चालवलं, छातीला तारा लावल्या. आई बाहेर बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "मालकांचं झाड तपासायला आलोय."

रिपोर्ट उत्तम! डॉक्टर म्हणाले, "आजोबा, हे हृदय अजून वीस वर्षं बदलायला नको." वाढीव हप्ता रद्द होईल. मला रडूच आलं.

बाबांचं लक्ष नव्हतं. नर्सला विचारत होते, "आता हिचा नंबर ना?"

"आजींचं नाव नाही यादीत."

"पॉलिसी दोघांची आहे."

"असेल. 'होय' फक्त तुमच्या फॉर्मवर आहे."

परतताना बाबांनी रिपोर्ट उघडूनही पाहिला नाही. आई म्हणाली, "पास झाले त्याचं दुःख झालंय ह्यांना." खूप हसलो आम्ही दोघी.

२१ मार्च, शनिवार

सकाळी बाबांचा फोन. घरून नाही, कोपऱ्यावरच्या दुकानातून.

"हप्ता माझ्या एकट्याच्या वयावर दोघांचा धरतात म्हणालीस. मला वाटलं, तपासणीही तशीच दोघांची धरतील."

"म्हणजे?"

"अगं, झाड कसलं बघतोय मी! दुसऱ्या मजल्यावर तिचे ओठ काळेनिळे पडतात. थांब म्हटलं तर थांबत नाही, उलट पिशव्या हिसकावते. मी थांबलो तरच थांबते."

पॉलिसीवाल्या बाईंना फोन करून आईचा फॉर्म परत मागितला. चौथ्या प्रश्नापुढची 'नाही'ची खूण माझ्या हातची आहे.

आता आईकडे निघालेय.