मागच्या खोलीच्या तीस टाइल्स

हातखंबा, जि. रत्नागिरी
दि. ३ ऑगस्ट २०२५

चि. ऋत्विकला आजीचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही इथे बऱ्या आहोत. लावणी आटपली. माझा गुडघा कुरकुरतो, पण अजून माझंच ऐकतो. फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू ‘हो आजी, हो आजी’ करतोस आणि ठेवून देतोस. कागद तसा ठेवता येत नाही. मी सांगतेय, तुझी मैना आत्या लिहून घेतेय.

तर टाइल्स. गणपतीला मुंबईची माणसं येणार, त्यांचे पाय शेणाच्या जमिनीला लागू नयेत म्हणून तुझ्या बाबाने हा घाट घातला. मे महिन्यात तू भिंतीवर लाल दिवा मारणारं यंत्र आणलंस आणि तासाभरात घर मोजलंस. बत्तीस बॉक्स म्हणालास, एका बॉक्सात चार टाइल्स, कागद लिहून ठेवलास, दुकानात सांगून गेलास. शिकलेला नातू! शेजारच्या चिमाला मी दोनदा ऐकवलं.

पण पन्नास वर्षं ही जमीन मी सारवलेय रे. माझ्या हाताला ते पटेना. टाइल दोन फुटी, चौकोनी. तेवढं गोणपाट कापलं आणि सरकवत गेले. एकदा सरकवलं की एक काजूबी टोपलीत. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची खोली. बिया भरल्या सात विसा आणि चार. मैना, आकड्यात घाल गो: एकशे चव्वेचाळीस. तुझ्या कागदावर एकशे चौदा, वर तुटफुटीच्या थोड्या. मग तीस गेल्या कुठे?

मैनाला म्हटलं, “कागद पुन्हा वाच.”

“वाचला ना, आये.”

“सगळा वाच.”

मग वाचलं तिने: ‘मागची खोली – अडगळ. टाइल्स नकोत.’

अडगळ! मेल्या, त्या खोलीत तुझी आत्या तीन वर्षं राहतेय. तिची शिलाई मशीन तिथे आहे. तुझ्या शर्टाचं बटण तिथेच बसून लावलं तिने. हे तुझ्या डोक्यातलं नव्हे, मला कळतं. बाबा म्हणाला असेल, ती काय कायमची राहणार आहे?

आता एक सांगते, ते तुझ्या बाबालाही कधी सांगितलेलं नाही. मैना सासरहून पहिल्यांदा आली तेव्हा मीच म्हटलं होतं, चार दिवस राहा आणि परत जा, लोक नावं ठेवतील. गेली गुमान. पुन्हा आली ती हात गळ्यात बांधून. घसरून पडले, असं तिने भावाला सांगितलं. पडली नव्हती.

लिही गो, थांबू नको.

तेव्हापासून मला लोकांची भीती उरली नाही. पोटच्या पोराची तर मुळीच नाही.

गेल्या सोमवारी बाबल्या गवंडी आला. “काकी, सुरुवात ओटीवरून?”

म्हटलं, “मागच्या खोलीतून.”

“मग ओटीला कमी पडतील.”

“पडूदेत. कमी पडायच्याच तर पाहुण्यांच्या पायाखाली पडूदेत.”

मागची खोली झाली, मग स्वयंपाकघर, माजघर. ओटीवर बावीस बसल्या आणि बॉक्स संपले. उरलेली ओटी मी काल स्वतः सारवली. फक्कड दिसतेय. बाबाला लाज वाटत असेल तर आणखी सात बॉक्स घ्या म्हणावं, शेड नंबर तोच बघून. नाहीतर पाहुण्यांनी विचारूदे, अर्धी ओटी अशी का. उत्तर मी देईन, बाहेर कुंपणाच्या गडग्यापर्यंत ऐकू जाईल असं.

तुझ्यावर राग नाही. येशील तेव्हा आधी आत्याच्या खोलीत जा, आणि चपला बाहेर काढून जा. हे पत्र बाबाच्या हातात देऊ नको, तूच वाचून दाखव. तो मधल्या ओळी गाळेल.

जेवत जा वेळेवर.

तुझी आजी,
सत्यवती

अक्षर मैनाचं आहे. बोल सगळे माझे. भांडायचं त्याने माझ्याशी भांडावं.